खुंटीवरचा मोजा

हिंदुराव फडतरे माणसाकडे पाहतात तेव्हा त्यांना आधी कंबर दिसते, मग चेहरा. चौतीस, उंची कमी, मांडी जाड, अशी मनातल्या मनात नोंद होते आणि मग नमस्कार. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये मुकेशशेठचा जीन्सचा कारखाना आहे. तिथे नवा व्यापारी आला की शेठ त्याला कटिंगच्या टेबलाजवळ उभा करतो आणि म्हणतो, "मास्टर, सांगा." मास्टर सांगतात. मग व्यापाऱ्याच्या पँटचं लेबल उलटवून पाहिलं जातं. आकडा जुळला नाही तर दोष लेबलाचा, असं कारखान्यात मानतात.

हिंदुराव मूळचे खटाव तालुक्यातले. बाविसाव्या वर्षी अंबरनाथला मेव्हण्याकडे आले, पहिली चार वर्षं काजं-बटणं केली आणि मग टेबल मिळालं. चाळीस फुटी लाकडी टेबल. त्यावर डेनिमचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी खाका ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा आणि उभ्या पात्याचं मशीन दोन्ही हातांनी ढकलत न्यायचं. हात हलला तर साठ पँटी एकदम वाया. हे काम बसून होत नाही. दहा तास, हंगामात बारा तास, एकाच जागी उभं राहून, डाव्या पायावर भार टाकून ते करावं लागतं. हिंदुरावांनी ते एकतीस वर्षं केलं.

टेबलाच्या टोकाला भिंतीत एक खुंटी आहे. चुकीचा कापलेला तुकडा त्या खुंटीवर टांगायचा, तुकड्यावर खडूने चूक काय ते लिहायचं, खाली करणाऱ्याचं नाव. पुढची चूक होईपर्यंत तो तुकडा तिथेच राहतो. हा नियम हिंदुरावांनीच घातला. शेठचा विचार पगार कापण्याचा होता. मास्टर म्हणाले, "पगार कापला की माणूस दुसरीकडं जातो. टांगा. टांगलं की तिथंच राहून शिकतो." खुंटीवर आतापर्यंत कारखान्यातल्या जवळपास सगळ्यांची नावं लागून गेली. हिंदुरावांचं कधी लागलं नव्हतं.

पन्नाशीनंतर त्यांच्या डाव्या पोटरीवर निळसर दोऱ्या उठल्या. मग घोट्याच्या वरची कातडी तपकिरी झाली आणि खाजू लागली. गेल्या वर्षी मे महिन्यात तिथे टेबलाच्या लोखंडी पायाचं टोक लागलं. साधं खरचटणं. ते भरलं नाही. ऑगस्टपर्यंत तिथे रुपयाच्या नाण्याएवढी ओली जखम झाली होती.

तोवर त्यांनी घरचा इलाज चालवला होता. त्यांच्या पत्नीचं, अंजनीबाईंचं, दोन वर्षांपूर्वी गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलने पायात घालायला पांढरे लांब मोजे दिले होते. अंजनीबाईंनी ते धुऊन, घडी करून कपाटात ठेवले होते. पायाला घट्ट मोजा घातला की शिरा दबतात एवढं हिंदुरावांनी ऐकलं होतं. त्यांनी त्यातला एक काढला आणि तीन महिने घालून टेबलाशी उभे राहिले.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जखमेचं पाणी पँटवर उमटलं आणि ते मुकेशशेठला दिसलं.

"मास्टर, साईं, ये क्या है? पाय दाखवा."

शेठने वाकून पाय पाहिला. मग म्हणाला, "घरी बसा. डॉक्टर करा. टेबल राजू बघेल."

"राजूचा हात अजून..."

"मला माहितीये. दसऱ्यापर्यंत हलका माल आहे, तो कापेल. दसऱ्याच्या मुहूर्तावर लग्नाचा माल सुरू. खंडेनवमीला या, जखम भरलेली दाखवा, टेबल तुमचं. नाही भरली तर मग मी थांबू शकणार नाही. बुरा मत मानना."

राजू अठ्ठावीस वर्षांचा, हिंदुरावांच्याच हाताखाली तयार झालेला. खुंटीवर सर्वांत जास्त वेळा त्याचंच नाव लागलं होतं. नवमीला आठ आठवडे होते.

बदलापुरातल्या शिरांच्या डॉक्टरांनी पायावर यंत्र फिरवून तपासणी केली. पायातलं रक्त वर चढवणाऱ्या शिरांच्या झडपा ढिल्या झाल्या आहेत, रक्त खाली उतरून साचतं, म्हणून जखम भरत नाही, असं त्यांनी सांगितलं. शिरेचं पुढे लेझरने करता येईल, आधी जखम बंद व्हायला हवी. मलमपट्टी करून त्यावर दाबाचा मोजा घालायचा, दुसऱ्या क्लासचा. "रोज घातलात तर सात-आठ आठवडे," डॉक्टर म्हणाले. हिंदुरावांनी मनात आठच धरले.

बदलापुरातल्याच मांजर्लीतल्या घरून ते संध्याकाळी सहा वाजता चिठ्ठी घेऊन कात्रपमधल्या सर्जिकल वस्तूंच्या दुकानात गेले. तिथे मोज्यांची मापं अस्मिता गायकवाड घेते. वय तिशीच्या पुढे, गळ्यात टेप. कंपनीचं तीन दिवसांचं शिक्षण आणि दुकानातली आठ वर्षं, असा तिचा अनुभव. चिठ्ठी वाचून ती म्हणाली, "उद्या सकाळी या, काका. मी पावणेआठला येते. उठल्यावर जास्त हिंडू नका, रिक्षाने या."

"टेप तुमच्या गळ्यात आहे की. दोन मिनिटांचं काम."

"टेप आहे, पाय नाहीये. हा संध्याकाळचा सुजलेला पाय. याच्या मापाने दिला तर सकाळी सैल होईल, आणि सैल मोजा म्हणजे नुसताच मोजा."

हिंदुरावांना हे पटलं. कोरं डेनिम धुतल्यावर आटतं, म्हणून धुलाईनंतरचं मापच खरं धरायचं, हे ते गेली तीस वर्षं पोरांना सांगत होते. पोरीला काम कळतं, असं त्यांनी घरी जाऊन अंजनीबाईंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्मिताने त्यांना लाकडी पाटावर उभं केलं. घोट्याच्या वर जिथे पाय सर्वांत बारीक असतो तिथे तिने टेप गुंडाळली.

"सव्वानऊ इंच," टेप बघायच्या आधीच हिंदुराव म्हणाले.

तिने पाहिलं. साडेतेवीस सेंटिमीटर. मोबाइलवर हिशेब केला आणि मान वर केली. "आणि पोटरी?"

"पंधरा."

अडतीस सेंटिमीटर भरले. पंधराच्या खाली केसभर.

"माझी नोकरी घालवाल, काका," अस्मिता म्हणाली. हिंदुराव खूश झाले. पुढे जे झालं त्याला ही खुशीही थोडी कारणीभूत होती.

मग तिला पांढरा मोजा दिसला. तो त्यांनी काढून खिशात कोंबला होता.

"हा कुणाचा?"

"आमच्या मंडळींचा. ऑपरेशनला दिलेला."

"हा झोपलेल्या माणसाचा मोजा आहे. ऑपरेशननंतर माणूस दिवस-दिवस आडवा असतो, तेव्हा पायात रक्त साकळून गाठ होऊ नये म्हणून घालतात. दाब अगदी हलका. उभ्या माणसाच्या पायात रक्ताचा भार कितीतरी जास्त असतो, त्याला हा पुरत नाही."

"मी एकतीस वर्षं उभा आहे, आणि तीन महिने हा घातला."

"पाय गोरा दिसला असेल," अस्मिता म्हणाली आणि तीन खोकी काउंटरवर मांडली.

खोकी दिसायला सारखीच होती. पहिल्या क्लासचा मोजा पाय जड होणाऱ्यांसाठी, थोडी सूज असणाऱ्यांसाठी. शाळेतल्या बाई नेतात, ट्रॅफिकचे हवालदार नेतात. दुसऱ्या क्लासचा शिरा फुगलेल्यांना आणि जखमवाल्यांना. तिसरा फार कडक, डॉक्टरांनी नावानिशी लिहिला तरच ती कपाटातून काढते. "डॉक्टरांनी पावलावरची नाडी बघितली ना?" तिने विचारलं.

"यंत्र ठेवलं होतं. खरखर आवाज आला."

"मग ठीक. पायाकडे येणारं रक्तच कमी असेल तर दाबाने पाय काळा पडतो. नाडीचं लिहिलं नसेल तर मी आधी डॉक्टरांना फोन करते, मग मोजा देते."

मांडीपर्यंतचा घेऊ का, असं हिंदुरावांनी विचारलं. कापड जास्त म्हणजे माल बरा, हा त्यांचा अंदाज. अस्मिता म्हणाली, त्रास गुडघ्याच्या खाली आहे, गुडघ्यापर्यंतचा पुरे. मांडीचा घसरतो, वळकटी होते आणि वळकटी झाली की तिथे दोरी बांधल्यासारखं होतं. बोटं उघडी असलेला तिने दिला, म्हणजे बोटांचा रंग दिसत राहील.

हिंदुरावांनी मोजा हातात घेऊन उलटा केला. "शिवण कुठाय?"

"नाहीये. गोल विणतात."

त्यांनी दोन्ही अंगठे आत घालून मोजा ताणून पाहिला. घोट्याजवळ जोर लागला. वरच्या कडेला कमी.

"खाली आवळलेला आहे, वर सोडलाय," ते म्हणाले.

"घोट्याला सगळ्यात जास्त दाब, मग वर कमी कमी होत जातो. तसाच असतो."

"हं," हिंदुराव म्हणाले. कापडाचा व्यापारी थानातल्या डागाचं कारण सांगू लागला की ते असंच हं म्हणतात.

अस्मिताने घालायची रीत शिकवली. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी घालायचा, हातात रबरी मोजे चढवून, टाचेपर्यंत उलटा करून. वरची कड दुमडायची नाही. रात्री काढायचा, साध्या पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, इस्त्री नाही, उन्हात नाही. सहा महिन्यांनी नवा. कात्री लावू नका, हे तिने सांगितलं नाही. तेही सांगायचं असतं हे तिला माहीत नव्हतं; आठ वर्षांत कुणी लावली नव्हती.

पहिले चार दिवस मांजर्लीच्या घरात सकाळी अर्धा तास मोज्याचा कार्यक्रम चाले. हिंदुराव पलंगाच्या कडेला, अंजनीबाई खाली पाटावर, हातात भांडी घासायचे रबरी मोजे.

"ओढा की जरा."

"ओढतेय. पाऊल ताठ ठेवा. लग्नात तुमचा फेटा बांधायला एवढा वेळ लागला नव्हता."

"फेटा डोक्याला असतो. ही टाच अडकतीय."

"टाच मापाबाहेरची असेल. विचारा कुणा मास्टरला."

टाच एकदा पार झाली की घोट्याला चहूबाजूंनी आवळल्यासारखं वाटे आणि वर पोटरीला जवळजवळ काहीच वाटत नसे. हिंदुराव दिवसभर त्याच विचारात. हातात दुसरं काम नव्हतं. त्यांच्या हिशेबात हा कट उलटा होता. कुठलंही वस्त्र वर धरतं आणि खाली मोकळं सुटतं. पँट कमरेवर टिकते, पायाच्या मोहरीवर नाही. साध्या मोज्यालासुद्धा रबर वरच्या कडेला असतं. कारखान्यात एकाच मापाच्या साठ पँटींत दोन-तीन तरी फसलेल्या निघतात. हाही तसलाच फसलेला नग असणार. पोरीला मोजमाप येतं, कट कुठून येणार?

पाचव्या दिवशी अंजनीबाई बाजारात गेल्यावर त्यांनी खिडकीजवळच्या शिलाई मशीनवरचं आच्छादन काढलं. मोजा मागच्या बाजूने घोट्यापाशी चार बोटं उभा कापला आणि त्यात एक त्रिकोणी कळी घातली. कळीसाठी कापड हवं ते ताणणारं, म्हणून अंजनीबाईंच्या पांढऱ्या मोज्यातून काढलं. वरची कड दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेतली. टाके बारीक, दोरा लवचीक, कच्चा भाग आत दाबलेला. अंगाच्या रंगाचा मोजा आणि त्यात पांढरी कळी. काम चोख झालं होतं.

आणि मोजा लगेच पायात गेला. टाच अडकली नाही, घोटा दुखला नाही, वरची कड छान धरून राहिली. त्यांनी कारखान्यात व्हिडिओ कॉल लावून पाय दाखवला. इस्त्रीवाला नाथा दिवसभर वाफेच्या प्रेसशी उभा असतो; त्याच्याही पोटरीवर दोऱ्या आहेत आणि त्याच्याकडेही असाच एक मोजा वापराविना पडला होता.

"मास्टर, एकदम फिट. अपना भी कर दो ना. घातला की टाचेत जीव जातो."

"आणून दे. कळी टाकून देतो."

धागे कापणाऱ्या बनूबाईंनी मागून हाक मारली, "माझाबी हाय वो मास्टर, मुलानं आणलेला. पेटीत पडलाय." हिंदुराव म्हणाले, तुमचाही घेऊन या, खंडेनवमीला येईन, मग दुसऱ्या दिवशी बसतो मशीनवर.

तो मोजा त्यांनी नऊ दिवस घातला.

सहाव्या दिवसापासून पट्टी दुपारीच भिजू लागली. आठव्या दिवशी बोटं फुगलेली दिसली. जोडवी घातलेल्या बोटांसारखी मध्येच दबलेली, बाजूंनी वर आलेली. नवव्या दिवशी सकाळी अंजनीबाईंनी पलंगावरची चादर उचलली, पाहिली आणि त्यांच्यासमोर धरली. पिवळसर डाग पसरला होता आणि त्याला वास होता.

"मोजा बरा बसलाय," हिंदुराव म्हणाले.

"मोज्याला बरं वाटतंय ते दिसलं. पायाचं काय?"

ते एकटेच कात्रपला गेले. अस्मिताने त्यांना खुर्चीत बसवून पँट वर घेतली. गुडघ्याखाली मोज्याची कड कातडीत रुतली होती. कडेच्या वरचा पाय साधा, खालचा ताठ आणि चकचकीत. तिने मोजा हळूच खाली ओढला. कड होती तिथे सुतळीने बांधल्यासारखा लाल वळ होता. पट्टीखाली जखम जवळजवळ दुप्पट झाली होती.

मग तिने मोजा उलटा केला, आणि पांढरी कळी दिसली.

तिने शिवणीवरून बोट फिरवलं. "कोणी केलं हे?"

हिंदुरावांनी पँट खाली ओढली.

"शिलाई सुंदर आहे," ती म्हणाली. "असा टाका मी बघितला नाही. म्हणून विचारलं."

"मीच. कट उलटा होता. वर धरत नव्हता."

"काका, तुमच्या बिल्डिंगमध्ये पाणी गच्चीवरच्या टाकीत कसं जातं?"

"पंपानं."

"पंप कुठे बसवलाय? गच्चीवर?"

"खाली. गेटजवळ."

"गच्चीजवळ पाइप आवळला आणि पंप बंद ठेवला तर पाणी कुठे जाईल?"

हिंदुरावांनी तिच्या हातातला मोजा घेतला. अंगठे आत घालून आधी घोट्याशी ताणला, मग वर. मग एक-एक इंच वर सरकवत पुन्हा ताणून पाहिला, थान तपासतात तसा. कळीपाशी कापड सहज सुटत होतं, वरच्या कडेला बोटं अडकत होती. दुकानातून आणला तेव्हा दाब बरोबर याच्या उलट, खालून वर, इंचाइंचाने हलका होत गेला होता. ते त्यांच्या बोटांना तेव्हाही कळलं होतं. तो थानातला डाग नसून मापच होतं, एवढंच त्यांनी मानलं नव्हतं.

"मला सांगायचं होतं शिवू नका म्हणून," अस्मिता म्हणाली.

"तुम्ही सांगितलं असतं तरी मी हं म्हणालो असतो."

तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी दहा दिवस मोजा बंद करून पावलापासून गुडघ्यापर्यंत थरांची पट्टी बांधली आणि औषध दिलं. सूज उतरल्यावर अस्मिताने सकाळी पावणेआठला पुन्हा माप घेतलं. साडेतेवीस, अडतीस. या वेळी हिंदुराव आधी बोलले नाहीत. त्याच मापाचा, त्याच क्लासचा नवा मोजा तिने दिला, आणि घालायची रीत सांगताना शेवटी म्हणाली, "आणि शिवायचा नाही." हे वाक्य ती आता सगळ्यांनाच सांगते. गिऱ्हाइकं हसतात.

"नवमीपर्यंत भरेल?" हिंदुरावांनी विचारलं.

अस्मिताने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "नऊ दिवस तुम्ही चुकीचा घातलात. जखम वाढली, ती मागे आणायला तीन आठवडे तरी. नवमीला नाही भरणार, काका. खोटं कशाला सांगू?"

खंडेनवमीला कारखान्यात मशीनं बंद असतात. सगळी मशीनं पुसून, तेल देऊन, त्यांना झेंडूच्या माळा घालतात. कटिंगचं पातं काढून पाटावर ठेवतात, शेजारी कात्र्या, टेप, खडू. पातं आणि कात्री यांना हळद-कुंकू लावायचा मान कटिंग मास्टरचा. हिंदुराव सकाळी नऊला आले. पायात मोजा, वर स्वतःच कापलेली, सरळ मोहरीची जीन्स. चालताना काही कळत नव्हतं. जखम हरभऱ्याएवढी राहिली होती, कोरडी होत आली होती, आणि पँटच्या आत होती.

पूजा झाली. शेठने पेढे वाटले. मग त्यांच्याजवळ येऊन हळूच विचारलं, "भरली?"

टेबल समोर होतं. टेबलावर उद्यासाठी काळ्या डेनिमची थानं रचलेली. राजू दुसऱ्या टोकाला पेढा हातात धरून उभा होता आणि खात नव्हता. भरली म्हटलं असतं तर शेठ पँट वर करून बघणार नव्हता. तीन-चार दिवस चाललंही असतं. मग बारा तास उभं राहून हरभऱ्याचा पुन्हा रुपया झाला असता, आणि रुपया झाल्यावर हंगामाच्या मध्यात टेबल सोडावं लागलं असतं. हा हिशेब हिंदुरावांनी रिक्षात केला होता.

"नाही," ते म्हणाले. "हरभऱ्याएवढी आहे अजून."

"साईं, उद्यापासून माल..."

"राजूला द्या. हात सुधारलाय त्याचा."

शेठने मान हलवली. शब्द दिला होता तसाच त्याने पाळला, आणि हिंदुरावांनी त्याला पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात नाथा प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. "मास्टर, मोजा आणलाय. आज मशीन बंद, पण उद्या-परवा कळी टाकून द्या. बनूबाईंचापण आहे यात."

हिंदुरावांनी पिशवी उघडून दोन्ही मोजे पाहिले. नाथाचा दुसऱ्या क्लासचा, माप कुणी घेतलं होतं कोण जाणे. बनूबाईंचा हॉस्पिटलचा पांढरा. त्यांनी आपल्या खिशातून तिसरा मोजा काढला, पांढऱ्या कळीचा. तो त्यांनी घरून मुद्दाम आणला होता.

"खुंटीवर काय आहे सध्या?"

"माझी बेल्टपट्टी," राजू म्हणाला. "श्रावणातली."

"काढ ती."

राजूने काढली. हिंदुरावांनी मोजा खुंटीला अडकवला, कळी पुढे येईल असा. अंगाच्या रंगावर पांढरा खडू दिसेना, म्हणून पूजेच्या पाटावरचा निळा खडू घेतला आणि एका पुठ्ठ्यावर लिहिलं : चूक – खाली सोडलं, वर आवळलं. खाली नाव : हिंदुराव फडतरे. पुठ्ठा टाचणीने मोज्याला लावला.

कुणी हसलं नाही. राजू म्हणाला, "मास्टर, ही कटिंगची चूक नाही. घरी केलेली आहे."

"मापाची आहे. राहू दे." मग नाथाकडे वळून, "तुझा मोजा चांगला आहे, माप चुकलंय. कात्रपला अस्मिताबाई आहेत, सकाळी पावणेआठला जा. आणि आधी डॉक्टर. बनूबाई, तुमचा झोपून घालायचा आहे, इथं उपयोग नाही. तुम्हीपण डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा."

"म्हंजे कळी नाय?" बनूबाई म्हणाल्या.

"कळी नाय."

जखम भाऊबीजेच्या सुमारास बंद झाली. डिसेंबरात शिरेचं लेझर झालं. जानेवारीत हिंदुराव कारखान्यात परत गेले तेव्हा टेबल राजूचं झालं होतं आणि तसंच राहिलं. शेठने कोपऱ्यात खाका काढायचं छोटं टेबल आणि एक उंच स्टूल दिलं. नव्या मापांचे खाके आता हिंदुराव बसून काढतात, आणि दर तासाला उठून फाटकापर्यंत जाऊन येतात. डॉक्टरांनी सांगितलंय, पोटरी चालली की पंप चालतो. पहिले काही दिवस मशीनचा आवाज सुरू झाला की त्यांचे हात आपोआप वर यायचे. मग तेही थांबलं. सकाळी सहाला पलंगाच्या कडेला मोज्याचा कार्यक्रम अजून चालतो. अंजनीबाई ओढतात, टाच अडकते, घोट्याला आवळतं.

पांढऱ्या कळीचा मोजा खुंटीवर फेब्रुवारीपर्यंत होता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात राजूने घाईत उजव्या बाजूसाठी खाका उलटा ठेवायचं विसरून पुढच्या भागाचे साठच्या साठ तुकडे डाव्या बाजूचेच कापले. पातं थांबवल्यावर ते त्याच्या लक्षात आलं. त्याने एक तुकडा घेतला, खडूने चूक लिहिली, नाव लिहिलं आणि खुंटीवरचा मोजा काढला.

"मास्टर, याचं काय करू?" तो कोपऱ्याकडे बघून म्हणाला. "मशीन पुसायला ठेवू?"

हिंदुरावांनी खाक्यावरून नजर उचलली नाही. "नायलॉन आहे. तेल पीत नाही. टाकून दे."